१५८.३ चं गौडबंगाल

'कितीपैकी किती?' हा प्रश्न आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. शंभरपैकी, पन्नासपैकी, फार तर सातशेपैकी (आमच्या वेळची दहावी). पण अमेरिकेतल्या सगळ्यात लाडक्या खेळातल्या सगळ्यात लाडक्या माणसाला गुण मिळतात ते १५८.३ पैकी. छपाईची चूक नाही ही. एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन. दर रविवारी टीव्हीच्या पडद्याखालच्या पट्टीत हा आकडा येतो, समालोचक तो गंभीर चेहऱ्याने वाचतो, आणि तो कुठून आला हे घरात बसलेल्या शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. तरी त्यावरून भांडणं होतात, करार होतात, कोणाला बाकावर बसवायचं ते ठरतं. माझं म्हणणं असं की हा आकडा आता गुंडाळून ठेवावा. का, ते सविस्तर सांगतो. बैठक मारा.

ज्यांना या खेळाची ओळख नाही अशा मावश्या-आत्यांसाठी आधी चार ओळी. अकरा विरुद्ध अकरा, चेंडू सोललेल्या नारळासारखा. चार प्रयत्नांत (यांना 'डाउन' म्हणतात) दहा यार्ड पुढे सरकायचं; सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू येतो क्वार्टरबॅकच्या हातात. तो एकतर पळणाऱ्याला देतो, किंवा स्वतः पळतो, किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. साथीदाराने झेलला तर पास पूर्ण. जमिनीवर पडला तर अपूर्ण. प्रयत्न वाया, पण जागा तीच. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर इंटरसेप्शन, म्हणजे चेंडू गेलाच. शेवटच्या पट्ट्यात झेलला तर टचडाउन, सहा गुण. आणि फेकण्याआधीच समोरच्या दीडशे किलोच्या धिप्पाड गड्याने क्वार्टरबॅकला लोळवलं तर 'सॅक': प्रयत्न वाया आणि वर पाच-दहा यार्ड मागे. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सूत्र. 'पासर रेटिंग' फक्त चार गोष्टी बघतं: किती टक्के पास पूर्ण झाले, दर फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के फेकींचे टचडाउन झाले आणि किती टक्के फेकी प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्या. बस्स. १९७१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी नवी पद्धत शोधा म्हणून सांगितलं. त्याआधीच्या पद्धतीत खेळाडूंचे एकमेकांशी तुलना करून क्रमांक लावत, त्यामुळे तुमची गुणपत्रिका शेजारच्याने काय दिवे लावले यावर अवलंबून असे. ते बदलायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. कँटनच्या हॉल ऑफ फेममधले डॉन स्मिथ, एलियास ब्यूरोचे सेमूर सिवॉफ आणि लीगचे डॉन वाईस यांनी मिळून सूत्र बसवलं आणि १९७३ पासून ते लागू झालं. १९६० नंतरच्या खेळाडूंची आकडेवारी पुढ्यात घेऊन त्यांनी ठरवलं की पन्नास टक्के पूर्ण पास, दर फेकीला सात यार्ड, पाच टक्के टचडाउन आणि साडेपाच टक्के इंटरसेप्शन म्हणजे 'साधारण बरा'. अशा प्रत्येक गोष्टीला एक गुण. कितीही चमकलात तरी एका रकान्यात २.३७५ च्या वर नाही, कितीही घाण केलीत तरी शून्याच्या खाली नाही. चारांची बेरीज, भागिले सहा, गुणिले शंभर. साधारण बऱ्याला ६६.७, आणि चारही रकाने काठोकाठ भरले की १५८.३. झालं गौडबंगाल.

इथवर मला त्या तिघांबद्दल आदरच आहे. संगणक घरोघरी नव्हते, कागद-पेन्सिलीने सोमवारी सकाळी काढता येईल असं काहीतरी हवं होतं, ते त्यांनी दिलं. शिवाय लीगच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे मोजमाप फेकीचं आहे, क्वार्टरबॅकचं नव्हे. नेतृत्व, डावपेच वगैरे यात येत नाही. पण छोट्या अक्षरातलं कोण वाचतं? लोकांनी त्याचं 'क्वार्टरबॅक रेटिंग' करून टाकलं आणि समालोचकांनी त्यावर शिक्का मारला.

माझं भांडण सुरू होतं ते सूत्राच्या पोटात लपलेल्या भावांशी. एक यार्ड मिळाला की बेरजेत जेवढी भर पडते, तिच्या वीसपट भर नुसता पास पूर्ण झाल्याने पडते (पाच भागिले पाव, करून बघा). म्हणजे झेल झाला की वीस यार्डांचं बक्षीस, मग चेंडू प्रत्यक्षात कुठेही का जाईना. टचडाउनला ऐंशी यार्डांचं बक्षीस. इंटरसेप्शनला शंभर यार्डांचा दंड. हा हिशेब १९८८ मध्ये 'द हिडन गेम ऑफ फुटबॉल' या पुस्तकात बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न यांनी मांडला होता. गुपित नाही काही. तरी कोणी हललं नाही.

या भावांनी काय होतं बघा. क्वार्टरबॅकने साठ यार्डांचा अफलातून पास टाकला, साथीदाराने झेलला आणि तो शेवटच्या पट्ट्याच्या एक यार्ड अलीकडे पडला. सूत्राच्या लेखी किंमत ऐंशी यार्ड. पुढच्या प्रयत्नात त्याच क्वार्टरबॅकने एक यार्डावर हलकेच चेंडू टाकला, टचडाउन. किंमत एकशे एक! पहिल्या पासने सगळं काम केलं, दुसऱ्याने हार घालून घेतला. आणि प्रशिक्षकाने त्या एक यार्डासाठी पळणाऱ्याच्या हातात चेंडू दिला तर क्वार्टरबॅकच्या खात्यात त्या ऐंशीतला छदामही नाही. गुण कोणाचे, निर्णय कोणाचा, कशाचा कशाला पत्ता नाही.

दुसरं उदाहरण याहून वाईट, कारण ते दर सामन्यात दहादा दिसतं. तिसरा प्रयत्न, दहा यार्ड हवेत. क्वार्टरबॅक बाजूला उभ्या असलेल्या गड्याकडे तीन यार्डांवर चेंडू टाकतो. झेल होतो, गडी तिथेच आडवा, संघाला चेंडू लाथाडून परत द्यावा लागतो. म्हणजे संघाच्या दृष्टीने बोंबच. सूत्राच्या दृष्टीने? पास पूर्ण! तेवीस यार्डांची कमाई! आणि जो बहाद्दर तिथे पंधरा यार्डांवरच्या गर्दीत चेंडू घालायचा प्रयत्न करेल आणि चुकेल, त्याच्या पदरी भोपळा. दोघांचाही संघ मैदानाबाहेरच गेला. पण एकाला शाबासकी आणि एकाला छडी. घाबरटपणाला बक्षीस देणारं मोजमाप आहे हे, माझ्या मते याहून सभ्य शब्द नाही.

हे फक्त टीव्हीवरच्या कोट्यधीशांपुरतं असतं तर मी एवढी शाई आटवली नसती. आमची ताई ओहायोत राहते. भाचा सोळा वर्षांचा, शाळेच्या दुय्यम संघात क्वार्टरबॅक. (आजीला हे कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला होता, "हेल्मेट घालतो ना रे तो?") त्यांच्याकडे दर सोमवारी खेळाडूंच्या कपाटांजवळ एक कागद लागतो, त्यावर हाच आकडा. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी तिकडे गेलो होतो. शुक्रवारचा सामना, कडाक्याची थंडी, मी आणि ताई लोखंडी बाकावर एका ब्लँकेटमध्ये. तिसऱ्या सत्रात लांबवर याचा एक साथीदार एकटा धावत होता, आसपास दहा यार्डांत चिटपाखरू नाही. भाच्याने त्याच्याकडे बघितलं. मला स्पष्ट दिसलं, त्याने बघितलं. आणि चेंडू टाकला बाजूच्या पोराकडे, दोन यार्डांवर.

घरी जाताना गाडीत विचारलं, "अरे, तो पलीकडचा मोकळा होता ना?"

"हो मामा, दिसला मला."

"मग?"

"पडला असता तर?"

पुढे ताई स्टिअरिंगवरून म्हणाली, "अरे, पण मागच्या आठवड्यात त्याचं अठ्ठ्याण्णव आलं होतं! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलंच ना?" ते शंभरपैकी नसतं हे मी तिला सांगितलं. तो सामना ते हरले होते हे तिने मला सांगितलं. भाचा कानात बोंडं घालून खिडकीबाहेर बघत होता. लहानपणी हाच मुलगा गच्चीवरून समोरच्या गच्चीवर चेंडू फेकायचा आणि आम्ही ओरडायचो. हात अजून तसाच आहे त्याचा. पण आकड्याला हात दिसत नाही, आणि मुलांना आकडा दिसतो. ताई, हे वाचत असशील तर त्याला दाखव. मराठी वाचता येत नसेल त्याला, तर तू वाचून दाखव.

आता त्या 'सॅक'कडे वळू. रेटिंगचं सगळ्यात मोठं पाप इथे आहे: सॅक त्यात मोजलाच जात नाही. फेक झालीच नाही ना, मग मोजायचं काय, असा वकिली मुद्दा. त्यामुळे होतं असं की समोरून धिप्पाड गडी येताना बघून जो शहाणा क्वार्टरबॅक चेंडू मुद्दाम बाहेर भिरकावतो, प्रयत्न घालवतो पण जागा वाचवतो, त्याचं रेटिंग घसरतं. कारण अपूर्ण पास. जो चेंडू कवटाळून बसतो आणि नऊ यार्ड मागे लोळतो, त्याच्या रेटिंगला ओरखडाही नाही. घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटतात, तोही अपूर्ण पास म्हणून त्याच्याच माथी. चेंडू हातातून निसटून प्रतिस्पर्ध्याला मिळाला, तर मात्र गुन्हा माफ.

२०२४ चा मोसम घ्या. शिकागोच्या केलेब विल्यम्सचं ते पहिलंच वर्ष. ५६२ फेकी, ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन, रेटिंग ८७.८. वाचून वाटतं, नवखं पोर, बरं खेळलं की! पण त्या मोसमात तो ६८ वेळा सॅक झाला. म्हणजे फेकायच्या तयारीत मागे सरकल्यावर साधारण दर नवव्या वेळी आडवा. संघ ५ जिंकला, १२ हरला. त्याच मोसमात बफलोचा जॉश ॲलन: इंटरसेप्शन तेवढीच, ६. सॅक १४. साधारण दर पस्तिसाव्या वेळी एकदा. ॲलन त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचं रेटिंग होतं १०१.४. दोघांत तेरा-चौदा गुणांचा फरक दिसतो तो फेकीचा. ६८ आणि १४ यांच्यामधली दरी त्यात कुठेच नाही. ॲलन स्वतः चेंडू घेऊन पळून टचडाउन करतो, तेही नाही.

"सॅक ही पुढच्या फळीची चूक, क्वार्टरबॅकची नव्हे," असं काही जाणकार म्हणतात. अहो, मग झेल सुटणं ही कोणाची चूक? साथीदाराच्या हातावर आपटून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला, ते इंटरसेप्शन कोणाच्या नावावर लागतं? तिथे बरं सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यावर! आणि चेंडू किती वेळ धरून ठेवायचा हे शेवटी त्याच्याच हातात असतं. पेटन मॅनिंग २००९ च्या अख्ख्या मोसमात १० वेळा सॅक झाला. त्याची फळी काही भीम-हनुमानांची नव्हती. तो चेंडू चटकन मोकळा करायचा.

या काठोकाठ भरण्याच्या आणि शून्याखाली न जाण्याच्या नियमाने तर कधीकधी सर्कस होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बफलोने नेथन पीटरमन या नवख्या पोराला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. पहिल्या अर्ध्यातच पाच इंटरसेप्शन. १४ फेकी, ६ पूर्ण, ६६ यार्ड, रेटिंग १७.९. आता गंमत अशी की चौदा फेकींत दोन इंटरसेप्शन झाली की तो रकाना शून्य होतो. तिसरं, चौथं, पाचवं फुकट! आणि याहून भारी: पीटरमनने चौदाही चेंडू स्वतःच्या पायाशी जमिनीवर आपटले असते तर इंटरसेप्शन नाही म्हणून एक रकाना पूर्ण भरून त्याला मिळाले असते ३९.६. काहीच न करणाऱ्याला काहीतरी करू पाहणाऱ्याच्या दुप्पट गुण. सरकारी नोकरीत असतं तसं. (सरकारी नोकरीतल्या नातेवाइकांनी ह. घ्या.)

मग काळाचा प्रश्न. तेव्हाच्या 'साधारण बऱ्या'ला ६६.७ मिळावेत असं बांधलेलं सूत्र आहे हे. आज लीगची सरासरीच नव्वदच्या आसपास असते. १९७३ मध्ये, म्हणजे सूत्र लागू झालं त्या वर्षी, रॉजर स्टॉबॅक ९४.६ घेऊन पहिला आला होता. आज तेवढ्यावर तो मधल्या रांगेत बसेल. पोरं हुशार झाली म्हणून नव्हे. १९७८ मध्ये नियम बदलले, पाच यार्डांच्या पुढे साथीदाराला धक्के मारायला बंदी आली, फळीतल्या गड्यांना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. वर आखूड पासांची पद्धत रुजली. पूर्ण पास साठ टक्क्यांच्या बरेच वर गेले, इंटरसेप्शन अडीच टक्क्यांच्या खाली आली. दर फेकीमागचे यार्ड? तेव्हाही सातच्या आसपास, आताही सातच्या आसपास! म्हणजे चेंडू दर फेकीला तेवढाच पुढे जातोय आणि गुण मात्र वीस-पंचवीसने फुगलेत.

आणि या फुगलेल्या फुटपट्टीने म्हाताऱ्यांना मोजतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. जॉनी युनायटस, आधुनिक क्वार्टरबॅक कसा असावा हे ज्याने घालून दिलं तो: कारकिर्दीचं रेटिंग ७८.२. चार सुपर बोल जिंकलेला टेरी ब्रॅडशॉ: ७०.९. जो नेमथ: ६५.५. आणि ब्लेक बोर्टल्स, ज्याला जॅक्सनव्हिलवाल्यांनी २०१९ मध्ये निरोप दिला: ८०.६. युनायटसपेक्षा सरस म्हणे! बोर्टल्सशी माझं वैर नाही, २०१७ मध्ये त्याने बिचाऱ्याने संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलंही होतं. पण युनायटस ज्या काळात खेळला तेव्हा साथीदाराला मैदानभर बदडायची मोकळीक होती. महागाई न धरता १९६० चा आणि आजचा पगार शेजारी लिहायचा आणि आजोबा गरीब होते असं ठरवायचं, तसला हा प्रकार.

"तेव्हा दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं" हा बचावही मला मान्य नाही. ज्या १९७१ मध्ये रोझेल यांनी समितीला कामाला लावलं, त्याच १९७१ मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात एक निबंध आला. लेखक रॉबर्ट मॅकोल नावाचे प्राध्यापक आणि व्हर्जिल कार्टर. कार्टर कोण? सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक. खेळणारा, चालू! मैदानात कोणत्या जागी चेंडू असला तर पुढे सरासरी किती गुण मिळण्याची आशा धरावी, याचा त्यांनी हिशेब मांडला होता. कुठून कुठे नेलंस, त्यातून संघाची गुणांची आशा किती वाढली? क्वार्टरबॅकला विचारायचा खरा प्रश्न हाच. तो एका क्वार्टरबॅकनेच मांडून ठेवला होता आणि लीगला तो दिसला नाही. त्याहून मौज म्हणजे कार्टरचा हात लांब फेकीचा नव्हता म्हणून तेव्हाचे साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याच्यासाठी आखूड पासांचा खेळ रचला, आणि पुढे त्याच खेळाने सगळ्यांची रेटिंगं फुगवली.

मग पर्याय काय? २०११ मध्ये ईएसपीएनने 'टोटल क्यूबीआर' आणलं. शून्य ते शंभर, मधोमध पन्नास. त्यात सॅक आहेत, पळणं आहे, सामन्याची परिस्थिती आहे. पण सूत्र कुलुपात. श्रेय कोणाला किती वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला हेही नको. भाच्याने "मामा, मला कमी का?" विचारलं तर पाटीवर मांडून दाखवता आलं पाहिजे. जुन्या रेटिंगचा तेवढा एक गुण मी मान्य करतो, ते कोणालाही करून बघता येतं.

माझं मत पडतं त्या साध्या हिशेबाच्या बाजूने, जो अनेक आकडेबहाद्दर वर्षानुवर्षं वापरतायत. पासचे यार्ड घ्या, दर टचडाउनला वीस मिळवा, दर इंटरसेप्शनला पंचेचाळीस वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करा, आणि फेकी अधिक सॅक यांनी भागा. संपलं. पळणं यातही येत नाही हे मान्य, ते वेगळं लिहा. पण झेलाला फुकटचं बक्षीस नाही आणि सॅकला माफी नाही.

एक कल्पित जोडी घेऊन बघू. पहिला: ३० फेकी, २१ पूर्ण, १८० यार्ड, एक टचडाउन, इंटरसेप्शन नाही, सहा सॅकमध्ये ४५ यार्ड गमावले. दुसरा: ३० फेकी, १८ पूर्ण, २५५ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन, सॅक शून्य. जुनं रेटिंग पहिल्याला ९६.५ देतं आणि दुसऱ्याला ८४.७. नवा हिशेब पहिल्याला ४.३ यार्ड देतो आणि दुसऱ्याला ७.७. मला विचाराल तर दुसऱ्याच्या संघाकडून मी डोळे मिटून पैज लावेन. :)

पण लीगला कोण सांगणार? २०२३ मध्ये सिॲटलच्या जीनो स्मिथच्या करारात जादा रकमेच्या ज्या अटी होत्या, त्यात एक अट अशी होती की आदल्या मोसमातलं १००.९ हे रेटिंग ओलांडायचं. लाखो डॉलरचा प्रश्न. आता समजा मोसमाचा शेवटचा सामना आहे, तुम्ही १०१ वर आहात, तिसरा प्रयत्न, दहा यार्ड हवेत, लांबवर एक साथीदार बहुधा मोकळा होईल असं दिसतंय आणि बाजूला तीन यार्डांवर एक जण नक्की मोकळा आहे. कुठे टाकाल?